'प्रेझेंटली' म्हणजे सध्या की थोड्या वेळाने?



आज एका छोट्याशा इंग्रजी क्रियाविशेषणाबद्दल लिहायचं आहे. शब्द आहे 'प्रेझेंटली'. आपल्यापैकी बहुतेकांनी तो बायोडाटात नाहीतर एखाद्या अर्जात कधी ना कधी लिहिलेला असेल. 'आय ॲम प्रेझेंटली वर्किंग ॲज अ प्रायमरी टीचर.' अर्थ सरळ आहे, मी सध्या प्राथमिक शिक्षक म्हणून काम करत आहे. यात कोणाला काही चुकीचं वाटत नाही.

आता समजा, पाचवीतल्या एखाद्या मुलाने निबंधात लिहिलं, 'माय ब्रदर इज प्रेझेंटली इन पुणे.' काही शिक्षक बरोबरची खूण करून पुढे जातील. काही जण मात्र शब्दाखाली लाल रेघ मारतील आणि त्यांच्याकडे त्याला कारणही असतं. 'नेहमी होणाऱ्या चुका' छापाच्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत हा शब्द हमखास असतो. तिथे सांगितलेलं असतं की 'प्रेझेंटली' म्हणजे 'थोड्याच वेळात', आणि 'सध्या' म्हणायचं असेल तर 'ॲट प्रेझेंट' किंवा 'नाऊ' लिहा.

याच्या उलट प्रकारही आपण पाहतो. मुलांच्या वहीत शब्दार्थाच्या रकान्यात 'प्रेझेंटली = सध्या' एवढंच लिहिलेलं असतं. पाठ करून घेतलेलं असतं. मग तेच मूल इंग्रजी गोष्ट वाचायला बसतं आणि त्याला वाक्य भेटतं, 'प्रेझेंटली द किंग केम आउट.' पाठ केलेला अर्थ लावला की होतं, 'सध्या राजा बाहेर आला.' मुलाला कळतं की इथे काहीतरी बसत नाही. पण वहीत तर सध्या लिहिलंय आणि बाईंनीच लिहून दिलंय. मग ते मूल काय करतं? वाक्य सोडून पुढे जातं. अशी चार-पाच वाक्यं सुटली की गोष्टच सुटते.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते. 'सध्या' हा अर्थ चुकीचा नाही आणि 'थोड्याच वेळात' हाही चुकीचा नाही. दोन्हींना काही शतकांचा इतिहास आहे. मुलाने यातला कोणताही अर्थ नीट बसेल अशा वाक्यात वापरला असेल तर त्याचे गुण कापण्याचा आपल्याला अधिकार नाही. आणि हा शब्द शिकवताना त्याच्यासमोर एकच मराठी शब्द लिहून मोकळं होणं ही मुलांची फसवणूक आहे. असं का म्हणते, ते या शब्दाच्या इतिहासातूनच कळेल.

हजेरीतला 'प्रेझेंट'

'प्रेझेंट' हा शब्द पहिलीच्या मुलालाही येतो. हजेरी घेताना तो रोज म्हणतो, 'प्रेझेंट मॅडम!' म्हणजे हजर. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ तोच, समोर असलेला, हजर असलेला. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला आणि त्याला 'ली' हा प्रत्यय लागून 'प्रेझेंटली' झालं.

आता विचार करा, 'हजर' या कल्पनेतून क्रियाविशेषण तयार झालं तर त्याचा अर्थ काय होईल? एक अर्थ होईल 'आता समोर आहे त्या वेळी', म्हणजे सध्या. दुसरा होईल 'तिथल्या तिथे, जागच्या जागी', म्हणजे लगेच. मराठीतही आपण जागेवरून वेळ सांगतोच की. 'तिथल्या तिथे पैसे दिले', 'जागच्या जागी निकाल लावला', 'उभ्या उभ्या चहा घेतला'. इंग्रजीतही तसंच झालं. पंधराव्या शतकातल्या इंग्रजीत 'प्रेझेंटली'चे हे दोन्ही अर्थ सापडतात, सध्या आणि लगेच. ज्या 'थोड्या वेळाने'ला चुकांची पुस्तकं एकमेव बरोबर अर्थ मानतात, तो यांच्यानंतर आलेला आहे.

शेक्सपिअरच्या काळात 'लगेच' हा अर्थ जोरात होता. 'द टेम्पेस्ट' हे त्याचं १६११ च्या सुमाराचं नाटक. त्यात प्रॉस्पेरो हा जादूगार आपल्या एरिअल नावाच्या सेवकाला एक काम सांगतो. एरिअल विचारतो, प्रेझेंटली का? प्रॉस्पेरोच्या उत्तराचा भाव असा की हो, डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात. इथे 'थोड्या वेळाने' हा अर्थ लावला तर प्रश्न आणि उत्तर यांचा मेळच बसत नाही.

त्याच १६११ साली इंग्लंडमध्ये राजा जेम्सच्या आज्ञेने केलेलं बायबलचं प्रसिद्ध भाषांतर छापलं गेलं. त्यात येशूने शाप दिल्यावर अंजिराचं झाड वाळून गेल्याची कथा आहे. ते झाड 'प्रेझेंटली' वाळलं, असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे तत्क्षणी. चमत्कार आहे तो, थोड्या वेळाने कसा होईल? पण पुढे काळ बदलला. १८८१ मध्ये नव्या कराराची सुधारित आवृत्ती निघाली, तेव्हा भाषांतरकारांनी त्या जागी 'इमिजिएटली' हा शब्द घातला. जुना शब्द तसाच ठेवला असता तर वाचकाला वाटलं असतं की झाड सावकाश वाळलं!

'लगेच'चं 'थोड्या वेळाने' कसं झालं?

मला या शब्दाच्या इतिहासातला हा भाग सर्वांत गमतीचा वाटतो. 'लगेच' अर्थाचा शब्द हळूहळू 'थोड्या वेळाने' या अर्थाकडे का घसरला?

याचं उत्तर प्रत्येक घरात आहे. आई स्वयंपाकघरातून हाक मारते, 'अरे, जेवायला ये!' मुलगा मोबाइलवरून नजर न उचलता म्हणतो, 'आलोच!' व्याकरणाने पाहिलं तर 'आलो' हा भूतकाळ आहे. म्हणजे बोलतानाच येऊन झालेलं आहे! प्रत्यक्षात तो दहा मिनिटांनी येतो. आई पुन्हा हाक मारते, उत्तर येतं, 'आत्ता येतो.' तेही खरं नसतं. असं रोज झालं की आई 'आलोच' या शब्दाचा अर्थ मनातल्या मनात बदलून घेते. तिच्या शब्दकोशात 'आलोच' म्हणजे 'भाजी गार झाल्यावर'.

लाखो लोक, शेकडो वर्षं असंच वागले की शब्दाचा अर्थ खरोखरच बदलतो. बोलणारा म्हणतो लगेच, करतो उशिरा, आणि ऐकणारा उशीर गृहीत धरूनच ऐकायला लागतो. 'प्रेझेंटली'चं तेच झालं. 'थोड्याच वेळात' हा अर्थ सोळाव्या शतकात डोकावू लागला आणि पुढे त्याने 'लगेच'ला बाजूला सारलं.

हे काही या एका शब्दाचं नशीब नाही. आपण तिसरी-चौथीला शिकवतो तो साधा 'सून' घ्या. आज त्याचा अर्थ 'लवकरच'. पण हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता 'ताबडतोब'. 'अनॉन' हा आता जुनाट झालेला शब्द. त्याचाही मूळ अर्थ 'लगेच', नंतरचा 'थोड्या वेळाने'. शेक्सपिअरच्याच 'चौथा हेन्री' नाटकाच्या पहिल्या भागात गुत्त्यातला एक पोऱ्या आहे, फ्रान्सिस. त्याला आतून कोणीतरी हाका मारत असतं आणि तो नुसता 'अनॉन, अनॉन सर' ओरडत राहतो, जात मात्र नाही. आपल्याकडच्या हॉटेलात 'आलो साहेब, आलो' म्हणत दुसऱ्याच टेबलाकडे जाणारा पोऱ्या आठवतो ना? अगदी तोच. 'बाय अँड बाय' हा वाक्प्रचारही तसाच. १६११ च्या बायबलमध्ये त्याचा अर्थ 'ताबडतोब' आहे, आज 'कालांतराने'. १८८१ च्या आवृत्तीत तिथेही शब्द बदलावा लागला.

आणि हे आजही चालूच आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या इंग्रजीत 'जस्ट नाऊ' म्हणजे 'करीन थोड्या वेळाने'. आपल्याकडे 'ही केम जस्ट नाऊ' म्हणजे तो आत्ताच आला. शब्द तेच, पण एका ठिकाणी काम व्हायचं आहे आणि दुसऱ्या ठिकाणी होऊन गेलेलं आहे.

आपल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर ही घसरण डोळ्यांदेखत दिसते. एकेकाळी माहिती मागवताना 'तात्काळ' हा शब्द पुरेसा होता. सगळंच तात्काळ व्हायला लागल्यावर त्यातली निकड संपली. मग 'अतितात्काळ' आलं. तेही पुरेना, म्हणून 'आजच्या आज', 'दुपारी दोनपर्यंत', वर चार उद्गारचिन्हं. 'तात्काळ'चा अर्थ शब्दकोशात अजून बदललेला नाही, पण आपल्या मनात केव्हाच बदललाय. इंग्रजांनाही 'प्रेझेंटली' ढिला पडल्यावर 'इमिजिएटली', 'इन्स्टंटली', 'राइट अवे' असे नवे शब्द कामाला लावावे लागले.

मग 'सध्या' हा अर्थ कुठे गेला?

तो कुठेच गेला नाही. इंग्लंडमधल्या लेखी, प्रतिष्ठित भाषेत सतराव्या शतकानंतर तो मागे पडला, एवढंच. बोलींमध्ये तो राहिला, स्कॉटलंडमध्ये लेखनातही राहिला, अमेरिकेत आज सर्रास वापरला जातो. आणि आपल्याकडच्या इंग्रजीत तर तोच मुख्य अर्थ आहे. अर्ज, बायोडाटा, प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्र, सगळीकडे 'प्रेझेंटली' म्हणजे सध्या. आजचे मोठे इंग्रजी शब्दकोश दोन्ही अर्थ देतात.

त्यामुळे 'सध्या' या अर्थाने वापरलं तर ते 'भारतीय लोकांचं चुकीचं इंग्रजी', असं जे काही जण म्हणतात ते मला मान्य नाही. हा अर्थ आपण तयार केलेला नाही. तो या शब्दाच्या अगदी सुरुवातीच्या अर्थांपैकी एक आहे. लंडनच्या सुशिक्षितांनी तो मधल्या काळात बाजूला ठेवला म्हणून आपल्या गावातल्या मुलाचा अर्धा गुण का कापायचा?

आणि एक गंमत सांगू? आपल्याही भाषेत असंच झालंय. संस्कृतमध्ये 'सद्यः' म्हणजे त्याच दिवशी, लगेच. मराठीत आपण 'सद्यस्थिती' म्हणतो तेव्हा अर्थ असतो आत्ताची स्थिती. 'लगेच' आणि 'सध्या' हे अर्थ इथेही शेजारी शेजारीच राहतात.

वर्गात कसं शिकवावं?

काही जण म्हणतील, 'मॅडम, हे सगळं कॉलेजला ठीक आहे. आमची मुलं 'इज' आणि 'आर'मध्ये अडकतात, त्यांना शेक्सपिअर कशाला?' बरोबर आहे. शेक्सपिअर मुलांना सांगायचा नाहीच, तो आपल्यासाठी. मुलांना सांगायला आपल्याकडे मराठीतला 'आत्ता' आहे.

फळ्यावर तीन वाक्यं लिहा.

पहिलं, बाबा आत्ता जेवतायत.
दुसरं, मी आत्ता येतो, तू थांब.
तिसरं, आजी आत्ताच गावाहून आली.

आता विचारा, प्रत्येक वाक्यात 'आत्ता' म्हणजे नेमकं कधी? मुलं पटापट सांगतात. पहिल्यात या क्षणी, दुसऱ्यात थोड्या वेळाने, तिसऱ्यात थोड्या वेळापूर्वी. मग विचारा, कशावरून ओळखलंत? थोडा विचार करून एखादं मूल सांगतंच की पुढच्या शब्दावरून, म्हणजे क्रियापदावरून. बस, काम झालं. शब्दाचा अर्थ वाक्यात ठरतो, हे मुलांना त्यांच्याच भाषेत कळलं.

त्यानंतर इंग्रजी वाक्यं घ्या.

'माय फादर इज प्रेझेंटली इन मुंबई.' इथे 'इज' आहे, स्थिती सांगितली आहे. म्हणून सध्या.

'द बस विल कम प्रेझेंटली.' इथे 'विल' आहे. म्हणून थोड्याच वेळात.

'ही सॅट अंडर अ ट्री. प्रेझेंटली ही फेल अस्लीप.' गोष्ट भूतकाळात चालली आहे, एकामागून एक घटना घडतायत. म्हणून थोड्या वेळाने.

हा पक्का नियम नाही, ओळखण्याची खूण आहे, हेही मुलांना सांगावं. 'आय ॲम कमिंग प्रेझेंटली' यात 'ॲम' असूनही अर्थ 'येतोच थोड्या वेळात' असा आहे, कारण येणं अजून व्हायचंय. मराठीतही 'मी येतोय' असं घरून निघण्याआधीच आपण म्हणतो, तेव्हा मुलांना हे अवघड जात नाही.

तिसऱ्या प्रकारावर जास्त भर द्यावा, कारण गोष्टींच्या पुस्तकांत तोच सारखा भेटतो. मार्क ट्वेनचं १८७६ सालचं 'टॉम सॉयर' उघडून पाहा. हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, आणि बहुतेक वेळा 'थोड्या वेळाने' याच अर्थाने. ज्या मुलाला फक्त 'सध्या' माहीत आहे, ते तिथे प्रत्येक वेळी अडखळणार.

मुलांनी स्वतः लिहिताना मात्र काय करावं? इथे माझा सल्ला व्यवहाराचा आहे. ज्या शब्दाचे दोन अर्थ वाचणाऱ्याला गोंधळात टाकू शकतात, तिथे साधा शब्द वापरा. सध्या म्हणायचं तर 'नाऊ', लवकरच म्हणायचं तर 'सून'. समजा, दवाखान्याच्या दारावर पाटी आहे, 'द डॉक्टर विल बी अव्हेलेबल प्रेझेंटली.' तापाने फणफणलेलं मूल कडेवर घेऊन आलेल्या आईने काय समजायचं? डॉक्टर आत आहेत की यायचे आहेत? अशा ठिकाणी शब्दाची शोभा नको, स्पष्टपणा हवा. पण साधा शब्द सुचवणं वेगळं आणि चूक म्हणून गुण कापणं वेगळं. वहीत शेजारी 'नाऊ' असं लिहून द्या, लाल फुली नको.

परीक्षेचं काय?

हा प्रश्न पालक हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. शिष्यवृत्तीसारख्या परीक्षेत चार पर्यायांतून एक निवडायचा असतो. तिथे दोन अर्थ सांगितले तर मूल गोंधळणार नाही का?

माझा अनुभव उलट आहे. एकच अर्थ पाठ असलेलं मूल त्या पर्यायावर झडप घालतं, वाक्य वाचतच नाही. दोन अर्थ माहीत असलेल्या मुलाला वाक्य वाचावंच लागतं. आणि प्रश्न काढणाऱ्याने वाक्य दिलं असेल तर उत्तर त्या वाक्यातच असतं. वाक्य न देता नुसता 'प्रेझेंटली'चा अर्थ विचारला आणि पर्यायांत 'सध्या' व 'थोड्याच वेळात' दोन्ही दिले, तर चूक प्रश्नाची आहे, मुलाची नाही. निदान आपल्या शाळेच्या घटक चाचणीत तरी असा प्रश्न आपण काढू नये.

२००० सालापासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. इतकी वर्षं झाली, तरी आपल्या शब्दार्थाच्या वह्या बदललेल्या नाहीत. डावीकडे इंग्रजी शब्द, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे एक मराठी शब्द. 'बॉल', 'कॅट', 'मँगो' असतील तर हे चालून जातं. 'प्रेझेंटली', 'जस्ट', 'स्टिल', 'येट', 'एव्हर' अशा शब्दांना ते चालत नाही. 'स्टिल' म्हणजे अजूनही, तरीही आणि स्थिरसुद्धा. 'जस्ट' म्हणजे फक्त, आत्ताच आणि न्याय्यसुद्धा. एका रकान्यात हे कसं मावणार?

म्हणून माझी एक विनंती आहे. या वर्षी अशा दहा शब्दांसाठी वहीत वेगळं पान करा. त्या पानावर बरोबरचं चिन्ह नको. प्रत्येक शब्दाची दोन-तीन छोटी वाक्यं लिहा आणि त्यांच्याखाली मुलांना स्वतःच्या मराठीत अर्थ लिहू द्या. घरी पालकांनी शब्द विचारताना 'याचा अर्थ काय?' असं न विचारता 'या वाक्यात याचा अर्थ काय?' असं विचारावं. इंग्रजी न येणाऱ्या आईलाही हा प्रश्न विचारता येतो, आणि मुलाने सांगितलेला अर्थ वाक्यात बसतो की नाही हे तिला मराठीवरून नक्की कळतं. 'सध्या राजा बाहेर आला' हे ऐकल्यावर हसू यायला इंग्रजी यावं लागत नाही.

आणि हे पान कधी करायचं? 'प्रेझेंटली' करू, असं म्हणू नका. त्या शब्दाचं काय होतं ते आपण वर पाहिलंच आहे. उद्याच्या इंग्रजीच्या तासाला करा.